समुद्रातील भोवरे व तळाचे डोंगर

दादरा व नगर हवेलीत सिल्वासाजवळून वाहणारी दमणगंगा पावसाळ्यात दुथडी भरली की पुलाच्या खांबांमागे पाणी गरगरताना दिसते. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर उगम पावलेली ही नदी दमण येथे अरबी समुद्रास मिळते. त्या समुद्रातही भोवरे असतात. मात्र त्यांचा व्यास शंभर-दोनशे किलोमीटर असतो व ते कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन् महिने टिकतात. ते नाव गिळतील ही धास्ती अनाठायी होय. त्यांच्या मध्यभागी पाण्याची पातळी वीतभरच उंच वा सखल असते. नुसत्या डोळ्यांस ते दिसतही नाहीत.

नदीतील भोवरा खांबाच्या अडथळ्यातून जन्मतो. समुद्रातील बहुतेक मोठे भोवरे वारे व प्रवाह यांतून निर्माण होतात आणि पृथ्वीच्या परिवलनाने बांधलेले असतात. म्हणूनच खोल तळाचा उंचसखलपणा त्यांस जाणवतो. पाण्याचा एक उभा स्तंभ कल्पावा. पृथ्वीबरोबर तोही फिरतच असतो. बुडालेल्या डोंगरावर चढताना त्याची उंची घटते व तो रुंदावतो. गिरकी घेणाऱ्याने हात पसरले म्हणजे गिरकी मंदावते, तसेच येथे घडते. परिणामी उत्तर गोलार्धात माथ्यावरील पाण्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरण्याचा कल प्राप्त होतो. त्यामुळे भोवरा पुष्कळदा डोंगर न ओलांडता त्यास वळसा घालतो, क्वचित दुभंगतो. तळाशी घासून त्याची शक्ती क्षीण होते. काही ठिकाणी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर ढवळले जाते. तेथे सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांच्यामागोमाग मासळी येते. कोळी बांधवांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यास.

दमण-मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. तिच्या कडेचा खंडान्त उतार खोल समुद्रातील मोठ्या भोवऱ्यांस बांधासारखा आडवा येतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, आंग्र्यांचे नाव लाभलेले अंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. पलीकडे खोल पाण्यात रामन व पणिक्कर हे पर्वत उभे आहेत. पणिक्कर हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. लक्षद्वीपानजीक दर हिवाळ्यात उद्भवून पश्चिमेकडे सरकणाऱ्या विशाल भोवऱ्याची मीमांसा याच संस्थेतील शंकर व शेट्ये यांनी १९९७ साली केली.

उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजून भोवरे हुडकतात. तळाचा बारकाईचा नकाशा मात्र जहाजातून ध्वनी सोडून व प्रतिध्वनीस लागणारा वेळ मोजूनच काढावा लागतो. जगातील समुद्रतळाचा जेमतेम चतुर्थांश भाग आजवर असा मोजला गेला आहे.