पोळेतला राम, तळघरातले तीर्थंकर

दार एका घराचं होतं. शेजारच्या दारांसारखंच लाकडी, उंबऱ्याशी चपला काढलेल्या. वाटाड्या आत शिरला तेव्हा आम्ही पाचसहा जण बाहेरच घुटमळलो. कुणाच्या घरात न विचारता कसं जायचं? त्याने मागे वळून हात केला, "आवो, आवो." अंधाऱ्या बोळकांडीतून चार पावलं गेलो आणि डोक्यावर एकदम आभाळ उघडलं. मध्ये चौक, भोवती लाकडी खांब आणि समोर गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचा राम. बसलेला राम. आपल्या नाशिकचा काळाराम उभा आहे. हा मात्र वनवासातल्या वाटेवर जरा टेकावं तसा बसला आहे. रस्त्यावरून ना शिखर दिसतं, ना देवळाची कुठली खूण. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच हे देऊळ आहे.

अहमदाबादच्या जुन्या शहरातली ही हाजा पटेलनी पोळ. इथे आपल्या आपण पोचणं मला जमलं नसतं. सकाळी आठ वाजता काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेची वारसाफेरी निघते आणि साडेदहाच्या सुमारास जामा मशिदीत संपते, तिच्या मागे चालत मी आत आलो. मंदिरापासून मशिदीपर्यंतची ही वाट 19 नोव्हेंबर 1997 रोजी सुरू झाली. वास्तुरचनाकार देबाशिष नायक यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. जुनं शहर म्हणजे गर्दी आणि पडकी घरं, असं साबरमती नदीपलीकडचे अहमदाबादकरच तेव्हा म्हणत. वीस वर्षांनी, जुलै 2017 मध्ये, युनेस्कोने याच शहराला जागतिक वारसा नगरीचा मान दिला. भारतात हा मान सर्वांत आधी अहमदाबादला मिळाला. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणारा माणूस काळुपूर स्टेशनावर उतरून थेट या फेरीला उभा राहू शकतो, इतकं ते मंदिर जवळ आहे.

स्वामिनारायण संप्रदायाचं हे पहिलं मंदिर 1822 चं. जागा इंग्रज सरकारने दिली होती. मंदिर सागवानाचं, रंगवलेलं. कमानी, घोडे आणि वादकांनी भरलेले खांब पाहताना मान अवघडते. पण इथे फार रेंगाळता येत नाही. रस्ता ओलांडला की लंबेश्वरनी पोळ लागते आणि तिथे कवी दलपतराम भेटतात. भेटतात असंच म्हणायला हवं, कारण त्यांचा पुतळा चौथऱ्यावर चढवलेला नाही. त्यांच्या घराच्या ओट्यावर तो बसवला आहे. आधुनिक गुजराती कवितेच्या या आद्य पुरुषाने अलेक्झांडर फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याला गुजराती शिकवली, आणि 1848 मध्ये स्थापन झालेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीचं काम पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या गणवेशातला एक मुलगा दप्तर पुतळ्याच्या मांडीला टेकवून बुटांची नाडी बांधत होता. कवीला याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

'पोळ' म्हटल्यावर मराठी कानाला मधाचं पोळं आठवतं, आणि वरून पाहिलं तर ही वस्ती दिसतेही तशीच, कप्प्याला कप्पा चिकटलेली. शब्दाचा उगम मात्र संस्कृत 'प्रतोली'त सांगतात. प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. आणि दरवाजा हाच पोळेचा प्राण. एक मोठं लाकडी दार, त्यावर पहारेकऱ्याची खोली, आत नागमोडी गल्ली, गल्लीला फुटलेल्या आणखी लहान गल्ल्या, त्या खडक्या. एका पोळेत बहुधा एका जातीची नाहीतर एका धंद्याची माणसं. रात्री दार लागलं की पोळ हेच एक गाव. अशा सहाशेच्या आसपास पोळा या जुन्या शहरात आहेत. कोपऱ्यावर खांबावर उभा चबुतरो असतो, तो पाखरांना दाणे टाकण्यासाठी. तोंडाशी काळा फळा असतो. त्यावर पोळेतल्या बातम्या खडूने लिहिलेल्या, कुणाचं बेसणं म्हणजे शोकसभा, कुणाची पूजा, पाणी कधी येणार. आणि काही घरांच्या मधून अशा वाटा जातात की परका माणूस समोर भिंत बघून परत फिरेल आणि पोळेतला माणूस दोन मिनिटांत शेजारच्या पोळेत निघेल. दंगल झाली, हल्ला झाला तर बायकापोरांना निघता यावं म्हणून या वाटा. आम्ही अशा एका वाटेने गेलो. दोन्ही खांदे भिंतींना लागत होते आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी डाळीला फोडणी देत होतं.

घराची मांडणी एकदा कळली की पुढे प्रत्येक दारात नजर आत शिरते. आधी ओटलो, मग खडकी, इथे अर्थ देवडी, मग चौक, पलीकडे परसाळ आणि शेवटी काळोखा ओरडो, ठेवणीची खोली. पुण्याच्या वाड्याची आठवण येतेच. फरक मापाचा आहे. वाड्याचा चौक सरंजामदाराचा, पालखी ठेवता येईल एवढा. पोळेतला चौक व्यापाऱ्याचा. काही घरांत तो एवढासा असतो की दोन खाटा टाकल्या तर भरेल. पण उजेड, वारा आणि पाऊस, तिन्ही गोष्टी घरात येतात त्या तिथूनच.

पाऊस का, ते वाटाड्याने चौकातल्या फरशीवर बोट दाखवून सांगितलं. तिथे एक गोल झाकण होतं. खाली टांकुं. सबंध चौकाच्या पोटात चुन्याने लिंपलेली पाण्याची टाकी. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी गच्ची आणि पन्हळी धुऊन काढायच्या, ते पाणी बाहेर सोडायचं, आणि मग नळ टाकीकडे वळवायचा. सूर्यप्रकाश लागत नाही म्हणून शेवाळ धरत नाही. वर्षभर हेच पाणी प्यायचं. साबरमती वर्षातले कित्येक महिने कोरडी राहायची आणि विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून ज्याच्या घरी टांकुं तो सुखी. घरच्या बांनी, म्हणजे आजींनी, झाकण सरकवून तांब्याची कळशी दोरीने सोडली. मी ते पाणी प्यालो. गार होतं, आणि चव म्हणाल तर कसलीच नव्हती. पावसाच्या पाण्याला चव नसते हे मला त्या दिवशी कळलं. मराठवाड्यात टँकरमागे धावणारी गावं पाहिलेल्या माणसाला त्या झाकणापाशी उभं राहून गप्प व्हायला होतं.

कुवावाळा खांचा नावाच्या एका चौकात वाटाड्या चार बाजूंची चार घरं दाखवतो. एक फारशी वळणाचं, एक इंग्रजी, एक अस्सल गुजराती आणि एक, तो आमच्याकडे बघून म्हणाला, "तमारुं. मराठा." नक्षी आवरलेली, खांब साधे. आम्हा मराठी मंडळींना जरा अभिमान वाटला, तो वाटाड्याने वाटू दिला. पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही.

1725 मध्ये मराठी फौजा या शहराच्या तटाशी लुटीच्या इराद्याने आल्या होत्या. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे पैसे भरून शहर सोडवलं. त्या उपकाराची फेड म्हणून इथल्या व्यापारी महाजनांनी मालाच्या दर शंभर रुपयांवर चार आणे नगरशेठांच्या घराण्याला देण्याचं कबूल केलं. पुढे 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं. मधली एकदोन वर्षं ते हातातून गेलं, 1758 मध्ये परत आलं. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात, गायकवाडांचा माणूस त्यांच्या हवेलीत, आणि वसुलीची वाटणी दोघांत. 1780 मध्ये इंग्रज सेनानी गोडार्डने शहर जिंकलं, सालबाईच्या तहानंतर ते मराठ्यांना परत मिळालं आणि 1817 मध्ये कायमचं इंग्रजांकडे गेलं. शिकारखान्याच्या, दरबाराच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. पण या पोळांची दारं इतकी जाड का आणि वाटा इतक्या आडवळणी का, याच्या उत्तरात आपलाही वाटा आहे. तो मला कुवावाळा खांच्यात उभं राहून पहिल्यांदा जाणवला. त्याच काळाची एक मऊ खूणही शहरात आहे. भद्रच्या किल्ल्यात आझमखानाच्या सराईतल्या एका दालनात मराठ्यांनी भद्रकाली बसवली. ती आजही नगरदेवता म्हणून पुजली जाते.

आणि मग देरासरं. या फेरीतला सगळ्यात श्रीमंत भाग हाच, आणि सगळ्यात लपलेलाही. दोशीवाडानी पोळ, झवेरीवाड, संभवनाथनी खडकी, चौमुखजीनी पोळ, निशा पोळ. दर थोड्या अंतरावर जैन मंदिर, आणि बाहेरून बहुतेक घरासारखी. आत पाऊल टाकलं की संगमरवर, आरसे, लाकडी घुमटावरच्या अप्सरा आणि केशर-चंदनाचा वास. पुजाऱ्याने खूण केली म्हणून आम्ही एका ठिकाणी जिना उतरून खाली गेलो. भोंयरुं, म्हणजे तळघर. मंद दिव्यात तीर्थंकरांची भली मोठी मूर्ती. एवढी मूर्ती या अरुंद जिन्याने खाली आली कशी हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. निशा पोळेतले जगवल्लभ पार्श्वनाथ असेच जमिनीखाली आहेत, संभवनाथही.

देव तळघरात का गेले? जवाहिरे शांतिदास झवेरी यांनी सरसपूरला चिंतामणी पार्श्वनाथाचं मोठं मंदिर बांधलं होतं. 1645 मध्ये सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने ते भ्रष्ट करून तिथे मशीद केली. शांतिदासांनी बादशहाकडे दाद मागितली, आणि 1648 मध्ये शाहजहानचं फर्मान निघालं की जागा शांतिदासांना परत द्या. जागा मिळाली, पण तिथे मंदिर पुन्हा उभं राहिलं नाही. तिथल्या मूर्ती रातोरात झवेरीवाडात आणल्या असं इथले लोक सांगतात. बादशहांना रत्नं विकणाऱ्या, हुंड्यांवर सुभेदाऱ्या चालवणाऱ्या माणसाच्या देवालाही शेवटी घराच्या पोटात जागा शोधावी लागली. पुढे उघड्या मैदानात शिखरांचं देऊळ बांधायचं धैर्य आलं ते 1848 च्या हठीसिंगच्या देरासरात, दिल्ली दरवाजाबाहेर. हठीसिंग मध्येच वारले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते काम तडीला नेलं. त्यांची हवेली या फेरीतच लागते, आणि तिच्या लाकडी तिरांवरचं कोरीवकाम बघून माझी टिपणवही मिटलीच.

आता जे सांगायचं ते जड मनाने. या पोळांतल्या कित्येक घरांना कुलूप आहे. माणसं नदीपलीकडे गेली, गाडी दारात लागेल अशा घरांत. मागे उरलेल्या हवेल्यांत सोनारकामाचे कारखाने, कापडाची गोदामं. कोरीव खांबावर वायरींचं जाळं, आणि कुठे कुठे जुनं घर पाडून त्या जागी काचेची दुकानं. वारसाघर न पाडता जपणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क विकता येतात, अशी सोय महापालिकेने केली आहे. काहींनी तिचा उपयोग करून घरं उभी केली, ती फेरीत दिसतात. पण कुलूप लागलेल्या पोळेतही पहाटे स्कूटर येते. शुभ्र पूजावस्त्रातली माणसं नदी ओलांडून येतात, आपल्या देरासरात पक्षाल, म्हणजे मूर्तीचं स्नान, आणि केशरपूजा करतात, ओट्यावर दहा मिनिटं बसतात आणि जातात. घर सोडता आलं, तळघरातला देव नाही नेता आला. मला वाटतं, पोळा अजून टिकून आहेत त्या युनेस्कोच्या कागदापेक्षा या स्कूटरींमुळे.

आणि लाकडामुळेही. विटांच्या भिंतीत आडवी-उभी लाकडं गुंफलेली ही घरं 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात हलली, करकरली, पण बहुतेक उभी राहिली. त्याच सकाळी शहराच्या नव्या भागांतल्या सिमेंटच्या इमारती माणसांसकट खाली बसल्या होत्या.

पुढची वाट भरभर जाते. फर्नांडिस पुलाखाली वह्या-पुस्तकांचा बाजार, चांदला ओळेत देवाचे मुकुट आणि पूजेचं साहित्य, मग मुहूरत पोळ, शहराची पहिली पोळ. माणेकचौकात त्या वेळी गायींना चारा घालणारे उभे होते. दिवस वर आला की इथे सोन्याचांदीचा व्यवहार आणि रात्री खाण्याच्या गाड्या. राणीच्या हजिऱ्याला, म्हणजे कबरस्थानाला, बायकांच्या कपड्यांच्या दुकानांनी वेढलं आहे, बादशहाचा हजिरा शांत. आणि तिथून एका दारातून आत गेलं की 1424 ची जामा मशीद. सकाळभर हातभर रुंदीचे चौक पाहिल्यावर हे अंगण डोळ्यांत मावत नाही. आत 260 खांबांचं रान आहे. 1819 च्या भूकंपात तिचे मिनार पडले, त्यांचे बुंधे दोन्ही बाजूंना उभे आहेत. मधल्या हौदावर एक म्हातारे गृहस्थ बाह्या सारून सावकाश हात धूत होते.

फेरी तिथे संपते. वाटाड्या निरोप घेऊन गेला. मी मात्र उलट्या वाटेने परत निघालो, बसलेला राम एकट्याने पुन्हा पाहायचा होता. दोनदा चुकलो, एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरता शिरता राहिलो. हाजा पटेलनी पोळेत पोचलो तेव्हा देवळाचं दार मिटलेलं होतं आणि पुन्हा ते कुठल्याही घराचं दार दिसत होतं. समोरच्या ओट्यावर एक बा गवार मोडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी मान वर केली.

"भगवान पोढी गया," त्या म्हणाल्या. "सांजे आवजो."