कपाळफोडी : कुंपणावरची फुगेवाली

जूनचे दोन-चार पाऊस झाले की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत रस्त्याकडेच्या कुंपणांवर आणि शेताच्या बांधांवर एक नाजूक वेल चढू लागते. गणपतीच्या सुमारास तिला हिरवे फुगे लटकलेले दिसतात. हीच कपाळफोडी. फुगा कपाळावर आपटला की फट्‌कन फुटतो, म्हणून हे नाव. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना हा खेळ सांगायला नको!

तिला कानफुटी असंही म्हणतात. पण तसंच कानफोडी हे नाव काही गावांत पिवळ्या तिळवणीला आहे आणि ती वनस्पती पूर्णपणे वेगळी. म्हणून शास्त्रीय नाव लक्षात ठेवा : कार्डिओस्पर्मम हॅलिकाकॅबम. कुळ रिठ्याचं. म्हणजे लिची तिची लांबची बहीण लागते.

ओळखायची कशी? चार खुणा बघा. पान तीन भागांत आणि प्रत्येक भाग पुन्हा तीन पानांत विभागलेला, कडा दातेरी. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, जेमतेम ४-५ मिलिमीटरचं. चष्मेवाल्यांनी जवळ जाऊन बघावं. फुलांच्या दांडीवरच गुच्छाखाली ताण्यांची जोडी असते. आणि फळ म्हणजे तीन कोनांचा कागदी फुगा. आत तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक काळी गोल बी आणि तिच्यावर पांढरं बदाम! पत्त्यातल्या बदामासारखं अगदी रेखीव. ग्रीक भाषेत कार्डिया म्हणजे हृदय आणि स्पर्मा म्हणजे बी. नाव त्यावरूनच पडलं.

गल्लत दोघींशी होते. रानपोपटीलाही फुगा असतो, पण ती वेल नाही, सरळ वाढणारं झुडूप आहे आणि तिच्या फुग्यात एक रसाळ फळ असतं. शिवलिंगीची वेल त्याच कुंपणावर चढते, पण तिचं पान पंजासारखं आणि फळ पिकल्यावर लाल, त्यावर पांढरे पट्टे. ते विषारी आहे, तोंडात घालू नका.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास गोष्ट म्हणजे ताणा. तो तारेला टेकला की टेकलेली बाजू सावकाश वाढते, बाहेरची भरभर. त्यामुळे ताणा वळतो आणि आधार पकडतो. मोटर नाही, सेन्सर नाही, तरी काम चोख! चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवरच्या आपल्या १८७५ च्या पुस्तकात या वेलीचीही नोंद घेतली आहे.

आता लावायची कशी? बी गोळा करायला कासच्या पठारावर जाऊ नका. ते २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथलं काहीही तोडायचं नाही. आणि ही वेल तर आपल्या कॉलेजच्या कुंपणावरही सापडेल. फुगा तपकिरी आणि कोरडा झाला की बी पिकली. तिचं कवच टणक असतं. वर्कशॉपमधल्या पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासा, बदामाची बाजू सोडून. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि १ सेंटिमीटर खोल पेरा. जूनचा पहिला आठवडा उत्तम.

सांगलीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. सातारच्या पश्चिमेला धो धो पाऊस, तिथे कुंडीचं भोक तुंबणार नाही हे बघा. जत-आटपाडीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस, तिथे उघडीप पडली की पाणी द्यावं लागेल. ऊन भरपूर हवं. युरियाचा मारा केलात तर नुसती पानंच येतील. आधाराला सुतळी पुरे, वेल दोन-तीन मीटर चढते.

मात्र एक गोष्ट गंमतीची नाही. ही बी जवळजवळ सोयाबीनएवढीच आणि तशीच गोल असते. वेल पिकात शिरली तर सोयाबीनबरोबर कापली जाते, मळणीत फुगे फुटतात आणि बी धान्यात मिसळते. चाळणीला आकार कळतो, रंग नाही! अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या वेलीने सोयाबीनवाल्यांना चांगलंच छळलंय. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कराड-वाळवा-मिरजेकडे सोयाबीन आहे. तेव्हा वेल कुंडीतच ठेवा, फुगे तपकिरी व्हायला लागले की तोडून डबीत भरा आणि सुट्टीत गावी जाताना हौसेने बांधावर बिया टाकू नका.

आणखी एक. कान दुखला की हिचा रस घालतात असं ऐकलं असेल. तमिळनाडूत हिच्या पानांचे डोसेही करतात. डोसा ठीक आहे, पण कानात काही ओतण्याआधी डॉक्टरांकडे जा. कान दोनच आहेत आणि व्हायव्हाला दोन्ही लागतात!