किनाऱ्यावरचे घर आणि त्याचा खर्च

झाशी हे शहर समुद्रापासून शेकडो मैल आत, बुंदेलखंडाच्या खडकाळ भूमीवर वसलेले आहे. येथे बसून कोकण किनाऱ्यावरील घरांविषयी बोलावे, हे काहीसे विचित्र वाटेल. परंतु या दोन प्रदेशांचा संबंध आजचा नाही. छत्रसालाच्या साहाय्यास पहिला बाजीराव १७२९ साली बुंदेलखंडात धावून आला, आणि पुढे छत्रसालाच्या राज्याचा जो हिस्सा पेशव्यांकडे आला त्यात झाशीचा प्रदेश होता. त्या पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन. झाशीचा कारभार पाहणारे नेवाळकर, ज्यांच्या घरात राणी लक्ष्मीबाई सून म्हणून आल्या, तेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. तेव्हा कोकणातील छपराचा प्रश्न झाशीच्या मराठी माणसाला अगदीच परका मानता येणार नाही.

तथापि नात्यागोत्याच्या आठवणींवर सरकारी खजिना चालत नाही. येथला माणूस रोखठोक विचारतो, "वादळे येतात हे ठाऊक असूनही लोक समुद्राकाठी घरे बांधतात, ती पडली की त्यांचा खर्च आमच्या करातून का म्हणून द्यावा?" हा प्रश्न निर्दयपणाचा नाही. तो रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने नव्हे, तर हिशेबाने दिले पाहिजे.

प्रथम प्रत्यक्ष घडलेली गोष्ट पाहू. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांत आणि खाली दापोली-मंडणगडाकडे घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक गावांत वीज परत येण्यास आठवडेच्या आठवडे लागले. पोफळीचे झाड फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे ज्या उत्पन्नातून घर पुन्हा उभारावयाचे ते उत्पन्नही त्याच दुपारी गेले. त्यातच तो काळ करोनाच्या टाळेबंदीचा. एरवी कोकणातील घराला मुंबईच्या चाकरमान्याचा आधार असतो; त्या वर्षी चाकरमानीच रोजगार गमावून गावी परतला होता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' हे वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, तेव्हा नुकतीच शाकारलेली छपरे पुन्हा एकदा वाऱ्याच्या तोंडी आली.

आता सरकारी व्यवस्था पाहू. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्र किंवा उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांत या निधीतील शंभर रुपयांपैकी पंचाहत्तर रुपये केंद्र सरकार घालते आणि पंचवीस राज्य सरकार. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी हे प्रमाण नव्वद आणि दहा असे आहे. आपत्ती फारच मोठी असेल तर राष्ट्रीय निधीतून अधिक साहाय्य मिळते. या दृष्टीने पाहिले तर झाशीच्या व्यापाऱ्याने भरलेल्या कराचा काही अंश श्रीवर्धनच्या कौलांपर्यंत पोहोचतो, हे खरेच आहे.

पण तो अंश केवढा? 'निसर्ग' वादळाच्या वेळी केंद्राच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपये मिळत. महाराष्ट्र सरकारने ती रक्कम त्या वादळापुरती दीड लाखापर्यंत वाढविली. २०२२ पासूनच्या निकषांत सपाट प्रदेशासाठी १,२०,००० आणि डोंगराळ भागासाठी १,३०,००० रुपये ठरले. घर पूर्ण न पडता अंशतः पडले असेल, तर निदान पंधरा टक्के नुकसान झालेले असावे लागते. आणि त्या स्थितीत पक्क्या घरामागे मिळणारी रक्कम ६,५०० रुपये आहे. सबंध छप्पर गेले पण भिंती उभ्या राहिल्या, असे घर पंचनाम्यात कोणत्या रकान्यात लिहिले जाते यावर कुटुंबाचे पुढचे वर्ष अवलंबून असते. महाराष्ट्रात हा कागद तलाठी करतो, आमच्याकडे लेखपाल; पण कागदाचे वजन दोन्हीकडे सारखेच.

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. सरकार जे देते त्याला लोक 'नुकसानभरपाई' म्हणतात. वास्तविक ती भरपाई नसून मदत आहे. भरपाई म्हणजे जेवढे गेले तेवढे देणे. मदत म्हणजे उभे राहण्यास हात देणे. जांभ्या दगडाचे मध्यम घर दीड लाखात बांधून होत नाही, हे सांगण्यास गवंडी लागत नाही. मग उरलेला खर्च कोण करतो? बायकांचे दागिने गहाण पडतात, नातेवाइकांकडून उसने घेतले जाते, मुलाचे शिक्षण एक वर्ष पुढे ढकलले जाते. तेव्हा 'खर्च कोणी द्यावा' या प्रश्नाचे आजचे खरे उत्तर असे, की बहुतांश खर्च घरवालाच देतो. समाज त्यात थोडी भर घालतो.

ही विभागणी न्याय्य आहे काय? त्यासाठी किनाऱ्यावर राहतो कोण हे पाहिले पाहिजे. पहिला वर्ग कोळी बांधवांचा. होडी जेथे लागते, जाळे जेथे वाळते, मासळी जेथे सुकते, तेथेच त्यांचे घर असावे लागते. त्यांनी समुद्राकाठी राहणे ही हौस नव्हे, तो व्यवसायाचा भाग आहे. दुसरा वर्ग वाडीवाल्यांचा. नारळी-पोफळीची बाग खाऱ्या हवेत वाढते आणि बागेची राखण करणारा बागेतच राहतो. तिसरा वर्ग मात्र निराळा. शहरात ज्यांचे एक घर आहे आणि सुटीसाठी दुसरे घर ज्यांना लाटांच्या समोर हवे आहे, किंवा ज्यांनी पर्यटकांसाठी निवासगृहे उभारली आहेत, असे हे लोक. त्यांच्या व्यवसायास किंवा हौसेस माझा आक्षेप नाही. परंतु ज्याने धोका पत्करण्याची निवड मोकळेपणाने केली आणि त्या जागेचा नफाही घेतला, त्याने आपला विमा आपण उतरवावा. या तीन वर्गांना एकाच मापाने मोजले, तर झाशीच्या माणसाची तक्रार खरी ठरेल.

अमेरिकेने या बाबतीत मोठी किंमत मोजून धडा घेतला आहे. १९६८ साली तेथील सरकारने पुराच्या विम्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. हेतू चांगला होता. परंतु अनेक घरांसाठी विम्याचा हप्ता धोक्याच्या मानाने कमी ठेवला गेला. परिणामी तीच घरे पुनःपुन्हा बुडाली आणि पुनःपुन्हा त्याच जागी उभी राहिली. योजना इतकी कर्जात गेली की २०१७ साली तेथील संसदेला सोळा अब्ज डॉलरांचे कर्ज माफ करावे लागले. सरकारी पैशाने जुन्या जागी जुनेच घर जुन्याच पद्धतीने उभे केले, तर आपण घर बांधीत नसून पुढच्या वादळाचा खर्च आगाऊ मंजूर करीत असतो.

तर मग सर्वांना किनाऱ्यावरून उठवावे काय? तेही इतके सोपे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने २००५ साली एक आदेश काढला. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आत ज्यांची घरे पडली होती त्यांनी मागे यावे. त्यांना दीड लाख रुपये किमतीचे नवे घर विनामूल्य मिळेल, आणि ते पतिपत्नींच्या संयुक्त नावावर राहील. जे जुन्या जागी राहू इच्छितात त्यांनी स्वखर्चाने दुरुस्ती करावी. सरकारी साहाय्य मिळणार नाही. पैसा कोणी द्यावयाचा या प्रश्नाला घर कोठे असावे या प्रश्नाशी जोडणारा हा स्पष्ट निर्णय होता. परंतु कोळ्याला दोनशे मीटर म्हणजे केवळ अंतर नसते. समुद्रावर डोळा ठेवणे, पहाटे होडी लोटणे, मासळी वाहून आणणे हे सारे त्या अंतराने अवघड होते. शिवाय आपण सोडलेल्या जागेवर उद्या एखादे हॉटेल उभे राहील, ही भीती तर असतेच. माणसे हलवावयाची असतील तर रिकामी झालेली जमीन कायमची मोकळी राहील, होड्यांना आणि जाळ्यांना तिचा वापर करता येईल, याची लेखी हमी आधी दिली पाहिजे.

महाराष्ट्रालाही पुनर्वसनाचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविली गेली. इतरत्र घरमालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली घरे दुरुस्त व मजबूत केली. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातने हीच दुसरी रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. पैसा घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होई. जोते झाले, अभियंत्याने पाहिले, मगच पुढचा हप्ता. ठेकेदाराने बांधलेल्या आणि घरवाल्याने बांधलेल्या घरांत जो फरक असतो तो राहणाऱ्याला पहिल्या पावसातच कळतो. कोकणाला हीच रीत योग्य आहे.

आणि कोकणातील घर मजबूत करावयाचे म्हणजे फार मोठे शास्त्र लागते असेही नाही. वादळात सहसा भिंत आधी जात नाही, छप्पर जाते. कारण वारा छपराला केवळ ढकलीत नाही, वर उचलतो. कौलांचे वजन पावसाला पुरते, वादळाला पुरत नाही. वासे भिंतीतील लाकडी किंवा काँक्रीटच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने जखडले, पत्रे साध्या खिळ्यांऐवजी आकड्याच्या बोल्टांनी बसविले, दुपाखी छपराऐवजी चौपाखी केले, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवले, म्हणजे पडवी गेली तरी घर ओढले जात नाही. या गोष्टींचा जादा खर्च सबंध घराच्या मानाने थोडा असतो. पण छप्पर उडालेला आणि पावसाळा दारात आलेला माणूस हा विचार करीत बसत नाही. मिळेल तो पत्रा मिळेल त्या खिळ्याने ठोकतो. त्याची चूक नाही. चूक त्या पैशाची, जो वेळेवर येत नाही आणि आला तरी मजबुतीसाठी निराळा येत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केलेल्या शिफारशींत या दृष्टीने एक महत्त्वाचे पाऊल होते. राज्यांच्या आपत्तिनिधीसाठी पाच वर्षांकरिता १,६०,१५३ कोटी रुपये ठरविताना त्याचे भाग पाडले गेले: शंभरातले चाळीस तातडीच्या मदतीसाठी, तीस पुनर्बांधणीसाठी, दहा पूर्वतयारीसाठी आणि वीस धोका कमी करण्यासाठी. पुनर्बांधणी आणि प्रतिबंध यांना अशा प्रकारे स्वतःचे नाव आणि स्वतःची थैली मिळाली. थैली मिळाली म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. मदतीचा पैसा वाटण्याची आपल्याला सवय आहे. वादळ नसताना वासे जखडण्यासाठी पैसा वाटण्याची सवय अजून लागावयाची आहे.

एवढ्या विवेचनावरून खर्चाची वाटणी कशी असावी हे मला पुढीलप्रमाणे दिसते. घराचा मूळ ढाचा ही घरमालकाची जबाबदारी. ज्याला ती पेलत नाही त्याला समाजाने मदत करावी, जशी आज करतो. साधे घर आणि वादळाला टिकणारे घर यांच्या खर्चातील फरक मात्र कोळी व वाडीवाले यांच्यासाठी संपूर्णपणे सरकारने द्यावा, आणि पाहणी झाल्यावर हप्त्याने द्यावा. जेथे समुद्र जमीनच गिळत चालला आहे, तेथून हलण्याचा सारा खर्च सार्वजनिक असावा. कारण तेथे राहण्याची किंवा न राहण्याची निवड माणसाच्या हाती उरलेली नसते. विम्यासाठी २०२१ च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' या नावाने सर्व कंपन्यांना लागू असलेली एक सोपी पॉलिसी अस्तित्वात आहे; तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात. गरिबांचा हप्ता सरकारने भरावा, सधनांनी स्वतः भरावा. आणि ज्या कोळीवाड्यांतील घरांना आजही जमिनीचा धड कागद नाही, त्यांना तो आधी द्यावा. कारण कागद नसला की मदत, कर्ज, विमा ही तिन्ही दारे एकदमच बंद होतात.

झाशीकराने यात का सहभागी व्हावे? २००९ साली बुंदेलखंडात लागोपाठच्या दुष्काळानंतर केंद्र सरकारने उत्तर प्रदेशातील सात आणि मध्य प्रदेशातील सहा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या जिल्ह्यांत झाशी होती. येथील विहिरी आणि बांध ज्या पैशातून झाले, त्यात मुंबई बंदरावरील जकातीचा आणि किनाऱ्यावरच्या कष्टांचाही वाटा होता. कोरड्या भूमीवर का राहता, असे तेव्हा आम्हाला कोणी विचारले नाही. मात्र विहीर बांधली की नाही, ती कोठे बांधली आणि तिला पाणी लागले की नाही, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला होता व आहे. किनाऱ्यावरच्या घराबाबतही करदात्याने नेमका हाच हक्क बजावावा. पैसा का देता, असे न विचारता त्या पैशातून उभे राहिलेले छप्पर पुढच्या वादळात टिकेल काय, असे विचारावे. आणि हा प्रश्न वादळानंतरच्या जूनमध्ये नव्हे, तर आकाश निरभ्र असताना, डिसेंबर-जानेवारीत, ग्रामसभेच्या बैठकीत विचारला जावा. कारण त्या वेळी वासे जखडण्यास सवड असते, आणि खर्चही कमी येतो.