म्हाताऱ्यांचं ताट कुणी वाढलं?
आर. के. पुरम ही दिल्लीतली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. निवृत्तीनंतर इथलं क्वार्टर सोडावं लागतं. वर्षानुवर्षांचा शेजार सुटतो आणि उतारवयातल्या रोजच्या जेवणाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

तसा तो जुनाच आहे. ऐन महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटनमधल्या स्वयंसेविका वृद्धांना घरपोच जेवण देऊ लागल्या. १९५४ मध्ये फिलाडेल्फियात शाळकरी मुलं डबे भरून दारोदार नेऊ लागली.

आपल्याकडे खरी वाट दाखवली ती तामिळनाडूने. १९८२ मध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या माध्यान्ह भोजन केंद्रांत १९८३ पासून वृद्धापकाळ पेन्शनवर जगणाऱ्यांनाही जेवण मिळू लागलं. शिजलेलं, गरम, आणि तेही माणसांत बसून!

केंद्राची अन्नपूर्णा योजना २००० मध्ये आली: पेन्शनला पात्र असूनही ती न मिळालेल्या, ६५ आणि त्यापुढच्या निराधारांना महिन्याला १० किलो धान्य मोफत. मदत मोलाचीच, पण ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी ते निवडायचं, दळून आणायचं आणि रांधायचं कसं?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहात अन्न स्पष्टपणे धरलं. मुलं सांभाळत नसतील, तर आईवडील निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात.