उमेदवारी करता करता पदवी



पी.यू.सी. द्वितीय वर्षाचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. मुलाला किंवा मुलीला सॉफ्टवेअरचे शिक्षण घ्यायचे आहे. पण चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा खर्च झेपणार नाही. मग शिक्षण थांबवून नोकरीला लावावे, की कर्ज काढावे? या दोहोंच्या मध्ये आणखी एक वाट आहे. काम करता करता पदवी मिळविण्याची ही वाट नीट समजून घेतल्यास उपयोगाची आहे, न समजता धरल्यास अडचणीची. म्हणून तिची माहिती येथे देत आहोत.

उमेदवारी हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये किती तरी मुले आय.टी.आय. करून उमेदवारीला लागली आणि पुढे कसबी कारागीर झाली. हाताला वळण कामावरच लागते, हे त्यामागचे तत्त्व. तेच तत्त्व सॉफ्टवेअरला आणि पदवीला लावले की ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ होते. विद्यार्थी कंपनीत काम शिकतो, त्याचे विद्यावेतन घेतो आणि त्याच काळात विद्यापीठाची पदवीही पुरी करतो.

जर्मनीत १९७२ मध्ये स्टुटगार्ट येथे बॉश, डाइमलर-बेंझ यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकाराने अशा जोडशिक्षणाला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये २०१५ पासून डिग्री अप्रेंटिसशिप सुरू झाली. तेथे उमेदवाराला पगार मिळतो आणि विद्यापीठाची फी त्याला भरावी लागत नाही. आपल्या देशात शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. १९७३ मध्ये इंजिनिअरिंगचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले.

आज आपल्या मुलांपुढे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार महाविद्यालयातूनच जाणारा. २०२० च्या केंद्रीय अंदाजपत्रकात उमेदवारीसह पदवी देणारे अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना दिल्या. २०२५ मध्ये आयोगाने या अभ्यासक्रमांसाठी नव्याने सूचना काढल्या. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे उमेदवारीची असू शकतात, आणि त्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जातात. विद्यावेतन कायद्याने द्यावेच लागते. २०१९ च्या नियमांत पदवीच्या उमेदवारासाठी दरमहा किमान ९,००० रुपये ठरले होते. प्रवेश घेताना त्या वर्षीचा दर पाहून घ्यावा.

दुसरा प्रकार बारावीनंतर थेट कंपनीत जाण्याचा. एच.सी.एल. कंपनीने २०१७ मध्ये ‘टेकबी’ ही योजना सुरू केली. बारावीला गणित किंवा व्यावसायिक गणित घेतलेल्या मुलांची चाचणी घेऊन निवड होते. सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण, मग कंपनीत नोकरी, आणि नोकरी करत बिट्स पिलानी किंवा शास्त्र यांसारख्या विद्यापीठाची पदवी असा क्रम आहे. ही १९६१ च्या कायद्यातली उमेदवारी नव्हे, कंपनीची स्वतःची योजना आहे. पण हेतू तोच.

तिसरा प्रकार बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्यांसाठी. विप्रो कंपनीने १९९५ मध्ये बिट्स पिलानीबरोबर अशी योजना सुरू केली. आता ‘वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम’ या नावाने ती चालते. पदवीधर मुले कंपनीत काम करतात आणि कंपनीच्या खर्चाने एम.टेक. करतात.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते पाहू. पहिले काही महिने जावासारखी एखादी संगणकभाषा, माहिती साठविण्याची पद्धत आणि चाचणी यांचे शिक्षण असते. नंतर मोठ्या कामातला छोटा भाग वाट्याला येतो. समजा, बाजारपेठेतल्या वजनपावतीचा प्रोग्रॅम आहे. पोत्याचे वजन टाकले की हमाली वजा होऊन रक्कम यायला हवी. कोणी वजनाच्या जागी शून्य टाकले तर? तीच पावती दोनदा छापली तर हमाली दोनदा कापली जाते का? असे प्रश्न काढून चूक शोधणे आणि ती दुरुस्त करणे हे उमेदवाराचे काम. वरिष्ठ ते तपासतात, परत पाठवतात, पुन्हा करायला लावतात. दिवसभर हे करून संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी पदवीचा अभ्यास करायचा असतो. कॉलेजचे मित्र गॅदरिंगमध्ये असताना आपला मुलगा कामावर असेल, याची तयारी घरच्यांनीही ठेवावी.

या वाटेची किंमत करारात लिहिलेली असते. कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. करारात तसे लिहिले असेल तरच असते. कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत उलट असते : नोकरी मिळते, पण काही वर्षे सोडता येत नाही, आणि मध्येच सोडल्यास पैसे भरावे लागू शकतात. पी.यू.सी. झालेली अनेक मुले सतरा वर्षांची असतात. अशा वेळी उमेदवारीचा करार पालकांनी करायचा असतो. ती सही प्रगतिपुस्तकावरच्या सहीसारखी समजू नये.

म्हणून सही करण्यापूर्वी पालकांनी पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि त्या विद्यापीठाला आयोगाची मान्यता आहे का? फी कोण भरणार? दरमहा हातात किती येणार, आणि बंगळूर, पुणे किंवा चेन्नईत राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून भागेल का? किती वर्षे बांधून राहावे लागेल आणि सोडल्यास किती भरावे लागेल? काम आवडले नाही तर मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे चालतील का? ‘नोकरीची हमी’ म्हणून आधी मोठी रक्कम मागणाऱ्या जाहिराती पालक आमच्यापुढे ठेवतात. या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे जी संस्था देत नाही, तिच्याकडे पैसे भरू नयेत, हेच आम्ही सांगतो.

आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने तीन सूचना. पहिली गणिताची. दहावीनंतर ‘गणित नको’ म्हणून विषय बदलला की यातली काही दारे तेथेच बंद होतात. दुसरी कागदपत्रांची. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र ‘ई’ प्रकार आहे. त्यासाठी रहिवासाचे आणि मातृभाषेचे प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. पदवी व पदविकेच्या उमेदवारीचे कामकाज पाहणारे केंद्राचे विभागीय मंडळ कर्नाटकासाठी चेन्नईला आणि महाराष्ट्रासाठी मुंबईला आहे. निपाणीचा मुलगा कोल्हापुरात शिकत असेल तर आपला कागद कोठे जातो, हे त्याने कॉलेजात विचारावे.

तिसरी भाषेची. मराठी माध्यमाची मुले इंग्रजीला बिचकतात. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा ही भीती आम्हाला ठाऊक आहे. कामापुरते इंग्रजी कामातून येते. पण सूचना वाचून समजणे आणि केलेले काम चार सरळ वाक्यांत लिहिता येणे, एवढी तयारी शाळेतच व्हायला हवी. शाळेच्या संगणक कक्षात आठवी-नववीपासूनच ती सुरू करता येईल. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

ही वाट सर्वांची नाही. घरची परिस्थिती आहे आणि मुलाला अभ्यासाची ओढ आहे, त्याने पूर्णवेळ शिकावे. पण पैशाअभावी हुशार मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण पी.यू.सी.लाच थांबत असेल, तर निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी एकदा शाळेत यावे. करार हाती आला असेल तर तोही घेऊन यावा. आपण तो एकत्र बसून वाचू.