पिशवी काढल्यानंतर : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रिया आणि अकाली रजोनिवृत्ती

प्रस्तावना :

रजोनिवृत्ती ही स्त्रीच्या आयुष्यातील नैसर्गिक अवस्था आहे. सुश्रुतसंहितेत रजोदर्शन बाराव्या वर्षानंतर व रजःक्षय पन्नाशीच्या सुमारास होतो असे म्हटले आहे. आधुनिक पाहण्यांनुसार भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ वर्षांच्या आसपास आढळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांत मात्र अंगातून गरम वाफा निघणे, रात्री दरदरून घाम फुटणे, झोप उडणे, सांधे व कंबर धरणे या उतारवयातील तक्रारी पस्तिशीच्या स्त्रिया सांगतात. त्यामागील कारण बहुधा त्या स्वतःच एका वाक्यात सांगतात : ‘पिशवी काढली.’ या वाक्याचा वैद्यकीय अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज, वडवणी आदी तालुक्यांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडीने काम करावे लागते आणि कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरून दंड कापला जातो. सन २०१९ मध्ये या स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती शासनाने दिली व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे, म्हणजे जवळपास १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण देशात सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही; तरीही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वृत्तपत्रांनी खाड्याच्या दंडावर भर दिला व तो अनाठायी नव्हता. परंतु केवळ दंड वाचवण्यासाठी स्त्रिया गर्भाशय काढून घेतात, असे म्हणणे हे त्यांच्या दुखण्यावर अन्याय करणारे आहे. कमी वयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे, कोपीवर पाणी व शौचालय नसणे, पाळीत एकच कापड दिवसभर वापरावे लागणे यांतून जंतुसंसर्ग होतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. यांतील पुष्कळशा तक्रारी औषधाने बऱ्या होण्यासारख्या असतात. तथापि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती एकदा मनात बसली की औषधाचा विषय मागे पडतो.

एक शब्द, दोन शस्त्रक्रिया :

‘पिशवी काढली’ या शब्दांत दोन भिन्न शस्त्रक्रिया दडलेल्या आहेत. पहिलीत केवळ गर्भाशय काढतात. पाळी थांबते, मूल होणे थांबते. परंतु दोन्ही बाजूंचे बीजकोश जागेवर राहिल्याने इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवत राहते. अशा स्त्रीला लगेच रजोनिवृत्ती येत नाही. मात्र बीजकोशांचे कार्य इतरांपेक्षा काही वर्षे लवकर मंदावण्याची शक्यता वाढते.

दुसरीत गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोशही काढले जातात. नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन काही वर्षांत चढउतार होत कमी होते व शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळतो. येथे ते काही दिवसांतच तळाला जाते. मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र त्यामुळे किंचित उष्णतेनेही चाळवते आणि शरीर घामाद्वारे उष्णता बाहेर टाकू लागते. गरम वाफा त्या याच. योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीचा त्रास वाढतो, चिडचिड व उदासी येते. हाडांची झीज पहिल्या काही वर्षांत विशेष वेगाने होते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही झीज काय आहे, हे वेगळे सांगायला नको. हृदयविकाराचा धोकाही वाढतो आणि तो लवकर सुरू होतो.

आपली यांपैकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे बहुतेकींना ठाऊक नसते. कागद हरवलेला, किंवा इंग्रजीत असतो. पुढे कंबर दुखू लागली की वेदनाशामक गोळ्या व सलाईन घेऊन काम चालू राहते, आणि मूळ कारणाची नोंद कुठेच होत नाही.

निदान व उपचार :

गर्भाशय नसलेल्या स्त्रीत ‘पाळी गेली का’ हा नेहमीचा प्रश्न निरुपयोगी ठरतो. बीजकोश आहेत किंवा नाहीत हे शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून, ते न मिळाल्यास सोनोग्राफीच्या मदतीने पाहता येते. ते काम करतात की नाही, याचा अंदाज रक्तातील एफएसएच या संप्रेरकाच्या पातळीवरून बांधतात. येथे उलट दिशेची चूकही संभवते. रात्रीचा घाम, वजन घटणे आणि संध्याकाळचा बारीक ताप ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. धडधड आणि उष्णता सहन न होणे थायरॉइडच्या विकारातही दिसते, तर थकवा व दम लागणे रक्तक्षयात. ‘पिशवी काढली म्हणून होते’ असे गृहीत धरल्यास हे सर्व निसटते.

पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही बीजकोश गमावलेल्या स्त्रीला, स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या यांसारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस केली जाते. सन २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचाराविषयी भीती पसरली. परंतु त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते व त्या वेगळे संयुक्त औषध घेत होत्या. पस्तिशीच्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

शासकीय पातळीवर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी तीन महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. या उपायांचा रोख पुढील शस्त्रक्रिया रोखण्याकडे आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांच्या बाबतीत हंगामापूर्वीच्या आरोग्य तपासणीत बीजकोशांविषयीचा एक रकाना मराठीत भरला गेला, तरी फडाजवळच्या अनोळखी डॉक्टरला तो कागद वाचून निर्णय घेता येईल.