दुखणं माशाचं, औषध पाण्याला

डिसेंबर उजाडला, की नाशिककडच्या शाळांमधल्या मत्स्यपेट्यांवर एक संकट येतं. निफाडला तर पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. खिडकीजवळच्या काचेच्या टाकीतलं पाणी रातोरात गार होतं, माशांची प्रतिकारशक्ती कमी होते आणि एके सकाळी गप्पींच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मुलं हळहळतात. बाजारातून औषधाची बाटली येते, चार थेंब पाण्यात पडतात. मासे कदाचित वाचतात, पण आठवड्याभरात हायड्रिलाची पानं पिवळी पडून गळू लागतात. असं का व्हावं?

अशा अनेक औषधांत तांबं असतं, बहुधा मोरचुदाच्या रूपात. मोरचूद नाशिककरांना नवा नाही. द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असं बोर्डो मिश्रण बागायतदार फवारतात. मग द्राक्षाचं पान ज्या तांब्याला दाद देत नाही, त्यानं हायड्रिला का मरते?

दोन पानांची तुलना करा. द्राक्षाच्या पानावर मेणचट आवरण असतं. चुन्यामुळे तांबं पानाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतं आणि अगदी हळूहळू सुटतं. पाण्याखालच्या पानाला पाणी टिकवून ठेवायचं नसल्यानं त्याचं आवरण नाममात्र असतं. हायड्रिलाचं पान तर जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं. ते सगळ्या अंगानं पाण्यातले क्षार शोषतं, तसंच तांबंही शोषतं. हे तांबं हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा घेतं आणि प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणतं. शेवाळ मरतं तेही याच मार्गानं. म्हणजे शेवाळाला मारणारं आणि हायड्रिलाला वाचवणारं तांबं असू शकत नाही. फरक फक्त मात्रेचा. शिवाय ही मात्रा पाण्यानुसार बदलते. विहिरीच्या कठीण पाण्यात जी मात्रा सौम्य ठरते, तीच मृदू पाण्यात मासे, गोगलगायी आणि वनस्पती या सर्वांना घातक ठरू शकते.

मग रोगावर उपाय काय? त्यासाठी रोगाचं जीवनचक्र पाहू. प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली वाढणारा एक एकपेशीय परजीवी. त्याचं नाव इक्थिऑफ्थिरियस. तिथं त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. पूर्ण वाढ झाली, की तो माशाला सोडून तळाशी किंवा पानांवर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभाजन होऊन त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. कवच फुटल्यावर ही पिल्लं पोहत माशाचा शोध घेतात. औषध लागू पडतं ते फक्त याच अवस्थेत. आणि याच अवस्थेत त्याचा दुबळेपणाही आहे: एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर पिल्लू मरतं.

म्हणून औषध टाकीत घालण्याऐवजी मासे टाकीबाहेर काढावेत. सगळेच मासे काढायचे, धडधाकट दिसणारेही. २० लिटरच्या टबात त्यांना ठेवा. लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात ४० ग्रॅम जाडं मीठ दिवसभरात दोन-तीन टप्प्यांत विरघळवा. गप्पी आणि मॉली एवढं मीठ सहज सोसतात. हवेचा पंप लावा. रोज तळचा गाळ नळीनं ओढून निम्मं पाणी बदला. नवीन पाणीही तेवढंच खारट आणि शिळवलेलं हवं. गाळाबरोबर कवचातले परजीवीही जातात.

इकडे मूळ टाकीत वनस्पती जागच्या जागी, औषधाविना. माशांवाचून परजीवी उपाशी मरतात. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याभरात संपतं, पण गार पाण्यात ते फार लांबतं. त्यामुळे हिवाळ्यात चार आठवडे थांबलेलं बरं. बाजारातून आणलेली नवी वनस्पतीही याच कारणासाठी आधी माशांविना बादलीत ठेवावी.

आता शेवाळ. पावसाळा सरला, की नाशिकच्या गोदावरीत पाणवेली पसरतात. महापालिका त्या काढते आणि त्या पुन्हा येतात, कारण सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतच राहतात. टाकीतलं शेवाळ ही त्याचीच छोटी आवृत्ती. जास्तीचं खाद्य कुजतं, त्यातून पोषकद्रव्यं सुटतात आणि खिडकीतलं ऊन उरलेलं काम करतं. औषधानं शेवाळ एकदम मारलं, तर ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. पोषकद्रव्यं मात्र पाण्यातच राहतात. त्यापेक्षा टाकी खिडकीपासून दूर न्या, दिवा सहा ते आठ तासच लावा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. हायड्रिला भरपूर वाढू द्या. शेवाळाचं अन्न ती आधी पळवते. शेवाळावर तिच्याइतका स्वस्त उपाय नाही.

मिठासाठी टब वेगळा का, हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल. हायड्रिलाचं एक पान साध्या पाण्यात, दुसरं ५ टक्के मिठाच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू द्या. खारट पाण्यातल्या पेशींमधलं पाणी बाहेर जाऊन हिरवा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आकसलेला दिसेल. मग टबातल्यासारखं लिटरला २ ग्रॅमचं द्रावण करा. नरसाळ्याच्या नेहमीच्या प्रयोगात हायड्रिला एकदा साध्या पाण्यात आणि एकदा या द्रावणात ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायला सांगा. निष्कर्ष मुलांनाच काढू द्या. मोरचूद मात्र विषारी आहे, तो त्यांच्या हाती देऊ नका.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आपण म्हणतो. मत्स्यपेटीत तर मलम सगळ्यांनाच लागतं, कारण मासा, वनस्पती, शेवाळ, गोगलगाय आणि माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया निकामी करणारे जीवाणू या सर्वांचं पाणी एकच आहे. बाटलीचं झाकण उघडण्यापूर्वी मुलांना एवढंच विचारा: हे औषध आणखी कोणाकोणाच्या अंगात जाईल?